जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे अस्सल २एन३०५५

परभणी-नांदेडकडच्या मंडपवाल्यांकडे लोखंडी पेटीचे जुने अ‍ॅम्प्लिफायर अजून पडून आहेत. ते थेट वीजजोडणीला लावू नका. आधी ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची वीज त्या बल्बमधूनच जाईल. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख जळत राहिला तर आत शॉर्ट आहे.

पहिला संशय फिल्टर कंडेन्सरवर (वीजपुरवठा स्थिर ठेवणारा भाग) घ्या. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ते आतून सुकतात आणि स्पीकरमध्ये 'हूंऽऽ' असा आवाज येतो. नवा घेताना व्होल्टेज जुन्याएवढंच किंवा जास्त घ्या, तापमान १०५ अंशांचं बघा. जुना काढण्याआधी त्यात साठलेली वीज १ किलोओम, ५ वॅटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा.

खरी डोकेदुखी आउटपुट ट्रान्झिस्टरची, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या २एन३०५५ ची. त्याची क्षमता ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॅट. बाजारात नकली माल भरपूर, आणि मल्टिमीटरच्या डायोड टेस्टवर तोही पास होतो! लॉटमधला एक नग हॅकसॉने कापून पाहाच: नकलीत चिप अगदी बारीक असते, पूर्ण लोडवर ती उडते. मला विचाराल तर नव्या चकचकीत मालापेक्षा भंगारातल्या त्याच मॉडेलच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेली जोडी बरी. बसवताना ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा पत्रा) यांच्यामधली, वीज अडवणारी अभ्रकाची चकती तडकलेली नको, तिच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पातळ थर द्या, आणि ट्रान्झिस्टरची बॉडी ते हीटसिंक कंटिन्यूइटी (वीज आरपार जाते का) मल्टिमीटरने तपासा. बीप आला तर चकती पुन्हा बसवा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र जपा. जळाला तर जुने वेढे मोजूनच रिवाइंड करून घ्या.