आमची वाटचाल: अंबडच्या गाळ्यातून वीज केंद्रांच्या मीटरपर्यंत

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही फ्लो मीटर (पाण्याचा प्रवाह मोजणारी यंत्रे) दुरुस्तीचे व कॅलिब्रेशनचे, म्हणजे त्यांची अचूकता तपासून जुळविण्याचे काम सुरू केले, तेव्हा औष्णिक वीज केंद्रे आमची मुख्य गिऱ्हाइके ठरतील असे वाटले नव्हते. वास्तविक १९७७ च्या जल उपकर (पाणीवापरावरील कर) कायद्याने मीटर बसविणे बंधनकारक होते. परंतु मीटर होता म्हणजे तो चालू होता, असे नव्हे.

चित्र पालटले ते दोन आदेशांमुळे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषक १७ वर्गांतील उद्योगांना सांडपाण्याचे व धुराचे ऑनलाइन मापन करण्यास सांगितले, आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने जुन्या औष्णिक केंद्रांना मेगावॉट-तासामागे ३.५ घनमीटर, म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्रातील २१० मेगावॉटच्या एका संचाला ही मर्यादा लावली, तर पूर्ण भारावर तासाला ७३५ घनमीटर पाणी होते. नव्या केंद्रांसाठीची २.५ घनमीटरची मर्यादा मात्र २०१८ मध्ये ३ पर्यंत सैल करण्यात आली. अशा बदलांचा आमच्यासारख्या लहान फर्मला जो फटका बसतो, त्याची नोंद राजपत्रात नसते: मुदत पुढे ढकलली की ऑर्डरही पुढे जाते, आणि मागविलेले सेन्सर आमच्याच कपाटात राहतात.

पाणी वाचविण्याची खरी जागा कूलिंग टॉवर, म्हणजे केंद्रातील गरम पाणी थंड करणारा मनोरा आहे. बाष्पीभवन तेवढेच राहते. पण तेच पाणी तीनऐवजी पाच पट संहत होईपर्यंत फिरविले, तर ब्लोडाउन (क्षार वाढल्यामुळे बाहेर सोडावे लागणारे पाणी) निम्म्यावर येते. त्यासाठी क्षारांचे मापन अचूक हवे. राखेच्या बंधाऱ्याच्या सांडव्यावर तरंगत्या घनपदार्थांची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. तेथे सेन्सरच्या काचेवर राखेचा थर बसतो आणि कापसाने पुसल्याबरोबर आकडा बदलतो. एका केंद्रात तर आम्हाला प्रोब (सेन्सरचा पाण्यात बुडणारा भाग) स्वच्छ पाण्याच्या बादलीत सोडलेला आढळला, आणि मंडळाच्या सर्व्हरवर आकडे अगदी निर्दोष जात होते. आम्ही अहवालात ते लिहिले. पुढील वर्षी तेथील देखभालीचे काम दुसऱ्यांना मिळाले. ज्याचे मोजायचे त्यानेच मोजणाऱ्याचे बिल द्यायचे, ही या व्यवस्थेतील उणीव माझ्या मते अजून कायम आहे.

२०१६ च्या वीजदर धोरणानुसार सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्रांनी तेथील प्रक्रिया केलेले पाणी वापरणे अपेक्षित आहे. त्या पाण्यात अमोनिया राहिल्यास कंडेन्सरच्या (वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या) पितळी नळ्या झिजतात; त्यामुळे सध्या आमच्याकडे सर्वाधिक विचारणा अमोनिया मापकांची होते.