उशीर नक्की कुणाचा? : आमची वाटचाल

आमची कंपनी छोटी, कामही एकच. किरकोळ विक्रीच्या साखळ्यांच्या खरेदी विभागाला आम्ही सॉफ्टवेअर देतो. कोणता पुरवठादार वेळेवर आणि पूर्ण माल देतो, कोण टांग मारतो, आणि पुढे गडबड दिसत असेल तर ती कुणाला कधी कळवायची, एवढंच ते पाहतं. सुरुवातीला तर आम्ही नुसते एक्सेलचे रिपोर्ट करून द्यायचो. महिनाअखेरीला पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिलं जुळवायची, पुरवठादारनिहाय टक्के काढायचे, मीटिंगच्या आदल्या रात्री मेल टाकायचा. दुसऱ्या दिवशी त्या टक्क्यांवरून वादावादी, आणि ज्या मालाबद्दल ती चालायची त्याचं शेल्फ केव्हाच रिकामं झालेलं. हेच रोजच्या रोज आपोआप व्हावं, या विचारातून आमचं प्रॉडक्ट उभं राहिलं.

कोड लिहून झाला पटकन. वेळ खाल्ला तो तारखांनी. एका पीओला चार तारखा असतात: खरेदीदाराने मागितलेली, पुरवठादाराने कबूल केलेली, मग फोनाफोनी होऊन पुढे ढकललेली, आणि माल खरोखर आला ती. अनेक ठिकाणी नवी तारीख जुनीच्याच रकान्यात टाकली जाते. मग तीनदा तारीख पुढे नेणारा पुरवठादार रिपोर्टमध्ये शंभर टक्के वेळेवर! आम्ही पहिली तारीख पुसूच देत नाही. बदल कुणी मागितला तेही नोंदवतो, कारण कधी कधी 'गोडाऊनला जागा नाही, पुढच्या आठवड्यात पाठवा' असं खरेदीवाल्यांनीच सांगितलेलं असतं.

दुसरा घोळ मोजणीचा. वॉलमार्टने २०१७ साली पुरवठादारांना 'ऑन टाइम इन फुल'चा (ओटीआयएफ, म्हणजे माल वेळेवर आणि पूर्ण) नियम लावला, न पाळल्यास त्या मालाच्या किमतीच्या ३ टक्के दंड. त्यानंतर ओटीआयएफ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आला. पण तो कशावर काढायचा? समजा पीओत १० आयटम आहेत आणि प्रत्येक आयटम वेळेवर, पूर्ण येण्याची शक्यता ९७ टक्के. आयटमवार पाहिलं तर पुरवठादार उत्तम. 'सगळी ऑर्डर वेळेवर आणि पूर्ण' असा निकष लावला, की तोच माणूस ७४ टक्क्यांच्या आसपास येतो. दोन्ही आकडे बरोबर. म्हणून कराराच्या कागदावर कोणती पद्धत आहे हे पाहिल्याशिवाय आम्ही स्कोअरकार्ड, म्हणजे पुरवठादाराचं गुणपत्रक, सुरू करत नाही.

एका ग्राहकाकडचा प्रसंग सांगतो. एक पुरवठादार सतत एक दिवस उशिरा दिसत होता, आणि त्याचं कंत्राट बंद करायची चर्चा सुरू झाली होती. आम्ही गेटवरचं रजिस्टर मागवलं. गाडी सकाळी ९:४० ला गेटवर, चलानावर वॉचमनचा शिक्का त्याच वेळेचा. डॉकवर, म्हणजे माल उतरवायच्या जागी, लागली दुपारी चारनंतर. माल उतरला, मोजला गेला, आणि जीआरएन पडला दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर. सिस्टीमला फक्त जीआरएनची वेळ दिसत होती. तेव्हापासून गेट एन्ट्रीचा डेटा आमच्याकडे सक्तीचा आहे, आणि 'आपल्याकडे अडकलेला वेळ' असा वेगळा रकाना असतो. तो रकाना गोडाऊन मॅनेजरला आवडत नाही, पण पुरवठादार त्यामुळेच आमच्या आकड्यांवर विश्वास ठेवतात.

सरासरी लीड टाइमवर, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतच्या दिवसांवर, माझा फारसा जीव नाही. एक पुरवठादार दरवेळी १२ दिवसांनी देतो. दुसऱ्याची सरासरी ९, पण कधी ५ दिवस तर कधी १६. कागदावर दुसरा चांगला. मात्र त्याच्यासाठी जास्तीचा साठा धरून बसावं लागतं, भांडवल अडकतं. त्यामुळे आमच्या स्कोअरकार्डवर सरासरीच्या शेजारी चढउतार असतोच.

अलर्टचं खरं शिक्षण मात्र ग्राहकांकडून मिळालं. प्रत्येक उशिराला मेल पाठवला की आठवडाभरात खरेदीवाले त्या मेलना वेगळं फोल्डर लावतात आणि ते कधीच उघडत नाहीत. मोठ्या पुरवठादारांसाठी आम्ही कंट्रोल चार्ट वापरतो, वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यांसाठी मांडला तोच. नेहमीच्या चढउताराबाहेर गेलं तरच घंटा वाजते. महिन्याला दोनच ऑर्डर असलेल्या पुरवठादाराला हा चार्ट लावण्यात अर्थ नाही, तिथे साधे नियम पुरतात: पीओची पोच आली नाही, किंवा माल निघायला हवा होता त्या दिवसापर्यंत डिस्पॅचची सूचना नाही. माल उशिरा आल्यावर सांगण्यापेक्षा हे दोन नियम कितीतरी कामाचे, कारण तेव्हा हातात अजून दिवस असतात. शिवाय अलर्टमध्ये साठा किती उरलाय ते लागतंच. 'माल गुरुवारी हवा, डिस्पॅच नाही, साठा तीन दिवसांचा, दुसरा मंजूर पुरवठादार आहे' एवढं वाचून माणूस फोन उचलतो. साठा महिनाभराचा असेल तर ती बाब आठवड्याच्या यादीत जाते, कुणाचा मोबाइल वाजत नाही. ठरलेल्या वेळेत कुणी दखल घेतली नाही तरच ती वरच्या साहेबांकडे जाते.

'यात एआय आहे का?' हा प्रश्न आता प्रत्येक डेमोत येतो. अंदाज बांधायला त्याचा उपयोग होतो, नाही म्हणत नाही. पण एकाच पुरवठादाराचे तीन कोड मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या मूळ यादीत) असतील तर आधी ते एक करावे लागतात, आणि ते काम कंटाळवाणंच असतं.

सध्या लहान पुरवठादारांवर भर आहे. त्यांच्याकडे ईडीआय (ऑर्डर-बिलांची माहिती संगणकातून थेट संगणकात पाठवायची सोय) नाही, पोर्टलचा पासवर्ड ते विसरतात. म्हणून मोबाइलवर एक लिंक जाते, त्यात दोनच बटणं: 'तारीख मान्य' आणि 'तारीख बदला'. बदलली तर कारण निवडावं लागतं. स्वतःचं स्कोअरकार्डही त्यांना तिथेच दिसतं, त्यावर हरकत नोंदवता येते. दंडाची डेबिट नोट (पुरवठादाराच्या बिलातून रक्कम वजा करायचा कागद) आपोआप काढा, अशी मागणी ग्राहक करतात. ती आम्ही अजून दिलेली नाही. मसुदा सिस्टीम बनवते, पण हरकतीचा निकाल लागल्यावर खरेदी प्रमुखाने मंजुरी दिली तरच नोट निघते.