ठळक सेरिफ, नोंद ४: पोटातली हवा

मी इंग्रजी अक्षरांचा एक जाड सेरिफ टाइप काढतेय, म्हणजे टोकांना छोट्या पट्ट्या असलेला फाँट. मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, स्मॉल अक्षरं संपली म्हणून. कसली संपतायत! छापून भिंतीवर डकवली, चार पावलं मागे गेले, तर 'ए', 'ई' आणि 'जी'च्या जागी तीन काळे डाग.

झालं होतं असं की मी 'एन' आधी काढला, तो मनासारखा जमला आणि त्याचीच जाडी सगळ्यांना वाटत सुटले. 'एन'च्या पोटात एकच पोकळी. 'ई' मात्र दुमजली. माझी एक्स-हाइट, म्हणजे 'एक्स'सारख्या स्मॉल अक्षराची उंची, ५२० युनिट (अक्षराची पूर्ण चौकट, म्हणजे एम, १००० चा), आडव्या रेघा तीन, प्रत्येकी ९५. म्हणजे २८५ तिथेच गेले, उरलेल्या २३५ मध्ये दोन मजल्यांनी राहायचं. आता आडव्या रेघा ६५ वर आणल्यात. हवेला ३२५ मिळाले. मला वाटलं होतं अक्षर रोडावेल, पण उभी जाडी १९० वरून फक्त १८२ केली आणि रुबाब तसाच राहिला. नाहीतरी आडवी रेघ डोळ्याला आहे त्यापेक्षा जाडच भासते.

धडा घेतला तो कूपर ब्लॅककडून. ऑस्वाल्ड कूपरनं १९२२ मध्ये शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलरसाठी केलेला हा टाइप आपण सगळे त्याच्या गुबगुबीतपणासाठी ओळखतो. मोठा करून पाहिला तेव्हा माझं लक्ष आतल्या पोकळ्यांवर गेलं: 'ओ'चं भोक मागे रेललेलं आहे, आणि त्या एका कलामुळे एवढं वजन हलकं वाटतं. मी काळा भाग काढत बसले होते. त्यानं पांढराही काढलाय.

कोपऱ्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. शिशाच्या खिळ्यांनी छापताना दाबाने शाई पसरते, आतले कोपरे भरतात, बाहेरचे बोथट होतात. मला हवाय तो जुनेपणा येतो त्यातून. पण जाड अक्षरात आतले कोपरे भरले की पोकळी आणखी आक्रसते. म्हणून बाहेरचे कोपरे गोल ठेवलेत आणि 'एन'ची कमान दांड्याला मिळते तिथे उलट खाच दिलीय. दुरून खाच दिसत नाही, सांधा मोकळा वाटतो. जवळून पाहणाऱ्याला खोटं वाटेल, तर वाटो. हा काही पुस्तकाच्या मजकुराचा टाइप नाही. एक मात्र सांगते: सगळे कोपरे एका आकड्याने गोल करणारं फिल्टर वापरू नका. मी वापरलं, आणि अक्षरं साबणाच्या वड्यांसारखी दिसायला लागली.

कॅपिटल 'एस' अकराव्यांदा काढला. उलटा करून पाहिला तर डोकं जड दिसतं, म्हणजे सुलट्यात खालचं पोट मोठं आहे, हवं तसं.

कर्निंगला, म्हणजे ठरावीक जोड्यांमधलं अंतर जुळवायला, हात लावलेला नाही. आधी दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा बसवतेय: दोन 'एन'मधे 'ओ', दोन 'ओ'मधे 'एन'. पोकळ्या मोठ्या झाल्यामुळे जुने आकडे सगळे बाद; आतली हवा वाढली की बाहेरचीही थोडी वाढवावी लागते, नाहीतर अक्षरं एकमेकांना खेटून उभी राहतात आणि शब्द मधेच फाटतो.

काल रात्री हे सगळं सोडून अँपरसँड (&) काढत बसले. लॅटिन 'एत'चं (म्हणजे 'आणि'चं) जुनं जोडाक्षर ओळखू येईल असा, शेपूट जरा जास्तच लांब. कापणार नाहीये.