ऑर्फियस मागे वळतो तो क्षण, आणि त्याची रचना

फिगर पेंटिंगमध्ये लोक आधी चेहरे बघतात, पण मला विचाराल तर मी सध्या करतेय त्या ऑर्फियस आणि युरिडिसीच्या चित्राचा सगळा जीव दोघांच्या हातांमधल्या रिकाम्या जागेत आहे. ग्रीक पुराणातली ही गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, साप चावून मेलेल्या बायकोला, युरिडिसीला आणायला गायक ऑर्फियस पाताळात जातो, गाऊन तिथल्या देवांना पाझर फोडतो, अट एकच की वर पोचेपर्यंत मागे बघायचं नाही, आणि अगदी तोंडाशी आल्यावर तो बघतोच, आणि ती परत पाताळात जाते.

नेपल्सच्या म्युझियममध्ये या गोष्टीचं संगमरवरी रिलीफ, म्हणजे दगडी पाटीवर उठवलेलं शिल्प आहे, मूळ ग्रीक कामाची रोमन काळातली कॉपी. त्यात तिला परत न्यायला आलेला देवांचा दूत हर्मिसही आहे, त्याने तिचा हात धरलाय पण ओढत नाहीये, नुसता धरलाय. आक्रोश नाही, धावपळ नाही, तरी पोटात कालवतं. हर्मिसला मी घेतलं नाही, दोघंच असली की मधली जागा जास्त बोलते, पण शांतपणा तिथूनच उचलला.

थंबनेल्स, म्हणजे रचनेची छोटी कच्ची स्केचेस, मी काडेपेटीएवढीच करते, चारकोलने, नुसते काळे-पांढरे आकार, नाक-डोळे काही नाही. हातांत अंतर जास्त झालं की दोघं अनोळखी वाटतात, हात टेकवले की वाटतं वाचली बाई. त्याच्या एका हातात लायर (त्याचं तंतुवाद्य) असणारच, म्हणजे तिच्याकडे न्यायला एकच हात उरतो, आणि हे फार कामाला येतं कारण तो एकटा हात मग आपोआप उठून दिसतो. शेवटी एका बोटाएवढी फट ठेवली.

उजेडाचं तर मला भारीच वाटतं. गुहेचं तोंड ऑर्फियसच्या पुढे, म्हणजे तो वळला की उजेड त्याच्या पाठीवर आणि चेहरा अंधारात, आणि तिचा चेहरा मात्र समोरून लख्ख. यात मी वरून काही घातलेलं नाही, दोघं जिथे उभी आहेत तिथे असंच होणार! जी अंधारात परत जाणार तिच्यावरच सगळा उजेड.

आता तिचे पाय. रोमन कवी ऑव्हिड सांगतो की साप घोट्याला चावला होता आणि पाताळात तिला बोलावल्यावर ती जखमेमुळे हळूहळू चालत आली. एका पायावर भार आणि दुसरा मोकळा ही ग्रीक शिल्पांतली नेहमीची पोझ, पण इथे तिला खरं कारण मिळतं. चांगल्या पायावर वजन, त्या बाजूचं कंबरेचं हाड वर, त्याच बाजूचा खांदा किंचित खाली, आणि दुखरी टाच जमिनीपासून उचललेली. मॉडेल अशी अधांतरी टाच धरून उभी राहू शकत नाही, म्हणून खाली लाकडी ठोकळा द्यायचा आणि पावलांभोवती मास्किंग टेप लावायची, ब्रेकनंतर पाय परत त्याच जागी येतात. नुसत्या फोटोवरून हे करू नये असं माझं ठाम मत आहे, फोटोत पोटऱ्या दिसतात पण भार कुठे पडलाय ते कळत नाही.

कपडे नंतर. एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश चित्रकार फ्रेडरिक लेटन आधी आकृती वस्त्राशिवाय काढायचा आणि त्याच पोझवर चुण्यांचा वेगळा अभ्यास करायचा, मी तीच पद्धत धरलीये कारण आत गुडघा कुठे आहे ते माहीत नसेल तर चुण्या नुसत्या रेघा होतात. शरीर थांबलंय पण कापड अजून पुढे चाललंय, एवढं खांद्यापासून घोट्यापर्यंत दिसलं पाहिजे.

आत्ता चौकटी आखून ड्रॉइंग कॅनव्हासवर घेतलंय आणि अंडरपेंटिंग, म्हणजे रंगांखालचा पहिला थर, चालू आहे. त्याच्या अंगाला तपकिरी बर्न्ट अंबर आणि तिच्या अंगाला टेर व्हर्ट, हा हिरवट थर खाली राहिला की वरच्या गुलाबी त्वचेतल्या सावल्या थंड राहतात, जुने इटालियन चित्रकार चेहऱ्यांखाली हाच द्यायचे. तो पूर्ण वाळला की मग रंग.