लेकीला गॉटिंगेनला सोडून आले, त्याचा वृत्तांत

मागच्या सप्टेंबरच्या शेवटी लेकीला मास्टर्ससाठी जर्मनीत गॉटिंगेनला सोडायला गेले होते, अडीच आठवडे राहिले तिच्याबरोबर. ती न्यू जर्सीतच जन्मलेली, अमेरिकन पासपोर्टवाली, त्यामुळे आधी व्हिसा काढावा लागला नाही, तिथे पोचून ९० दिवसांच्या आत रेसिडन्स परमिटचा अर्ज केला की झालं. (भारतीय पासपोर्ट असेल तर हे चालत नाही हं, आधी व्हिसाच लागतो.)

पहिली गोष्ट, शनिवारी संध्याकाळी पोचेल असं तिकीट काढू नका. आम्ही तसंच काढलं होतं, फ्रँकफर्टहून ट्रेनने रूमवर येईपर्यंत उशीर झाला, आणि रविवारी सुपरमार्केट वगैरे सगळं बंद. स्टेशनवरची दुकानं तेवढी उघडी, तिथून दूध-ब्रेड आणला. ३ ऑक्टोबरची पण राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हाही तसंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, ते म्हणजे पत्रपेटीवरचं नाव. बिल्डिंगच्या दारात आठ पत्रपेट्या होत्या, आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूच्या आडनावाची पट्टी तशीच राहिलेली, आमचं लक्षच गेलं नाही. अमेरिकेत अपार्टमेंट नंबर घातला की टपाल येतं, तिथे बहुतेक अपार्टमेंटना नंबरच नसतो, पोस्टमन आडनाव बघतो आणि नाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेच्या कार्डाचं पत्र असंच परत गेलं आणि नऊ दिवस त्यात गेले. शेवटी कागदाच्या पट्टीवर ठळक आडनाव लिहून पेटीवर आणि बेलवर सेलोटेपने चिकटवलं, दुसऱ्याच दिवसापासून पत्रं यायला लागली. कार्ड, पिन, इन्शुरन्स, टॅक्स नंबर, सगळं कागदावर पोस्टानेच येतं तिथे, म्हणून सामान उघडायच्या आधी हे करा.

मग आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्याला नुसता भाडेकरार पुरत नाही, घरमालकाची सही असलेलं वेगळं पत्र लागतं, ते किल्ली घेतानाच मागून घ्या. अपॉइंटमेंट, त्याला टर्मिन म्हणतात, पत्ता ठरला की अमेरिकेतूनच ऑनलाइन घेऊन ठेवा.

मजा अशी की लेकीला जे नवीन होतं त्यातलं बरंच मला ओळखीचं. पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, तारीख आधी दिवस मग महिना, दुकानात पिशवी आपली न्यायची, सामान आपणच भरायचं. आणि वीज २३० व्होल्ट! पुण्याहून आणलेला मिक्सर जर्सीत इतकी वर्षं नुसता पडून होता, तो मुद्दाम नेला, त्याच्या तीन पिनांना एक अडॅप्टर घेतला आणि पहिल्याच दिवशी खोबऱ्याची चटणी वाटली. उलट अमेरिकेतला राईस कुकर किंवा हेअर ड्रायर नेऊ नका, १२० व्होल्टचा असेल तर जळेल. लॅपटॉप-फोनचे चार्जर चालतात, त्यावर १००-२४० लिहिलेलं असतं ते बघून घ्या.

खिडकीचं हँडल खाली असलं की बंद, आडवं केलं की दारासारखी पूर्ण उघडते, वर केलं की नुसती वरून कलते. फोडणी झाली की हीटर बंद करून पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची, दिवसभर कलती ठेवायची नाही, नाहीतर हिवाळ्यात भिंतीला बुरशी धरते आणि डिपॉझिटवरून वाद होतात. रात्री १० नंतर मिक्सर नको, रविवारी तर दिवसभर शांतता पाळतात. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या फेकू नका, एकेकीचे २५ सेंट परत मिळतात सुपरमार्केटच्या मशीनमध्ये. डोकेदुखीची साधी गोळी पण फार्मसीतच मिळते, सुपरमार्केटात नाही, तेव्हा गोळ्यांची एक बाटली बरोबर असू द्या. रात्री बरं नसेल तर डॉक्टरसाठी ११६११७, खरी इमर्जन्सी असेल तर ११२.

एका दुपारी जुन्या टाउन हॉलसमोर हंसवाल्या मुलीच्या पुतळ्यापाशी बसले होते, डॉक्टरेट झालेले विद्यार्थी तिचं चुंबन घेतात म्हणे. मला आठवलं, आपल्या डेक्कन कॉलेजात शिकवलेले कीलहॉर्न पुढे याच विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक झाले, आणि रा. गो. भांडारकरांना १८८५ मध्ये इथूनच डॉक्टरेट मिळाली. लेकीला सांगितलं तेव्हा तिला खरंच आनंद झाला.

पैशाचं राहिलं. ट्युशन फी नाही, दर सेमिस्टरला काही शे युरो भरायचे (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र अमेरिकनांनाही सेमिस्टरला १५०० युरो पडतात). परमिटसाठी वर्षाचा खर्च दाखवावा लागतो, आम्ही ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवले, त्यातून महिन्याला ९९२ मिळतात. आणि इथेच अमेरिकन मुलांचे आईबाप विसरतात, परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला कळवायचा फॉर्म, भरावा लागतो, मुदत १५ एप्रिल, आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. मुलांच्या नावावर खातं असेल तर मुलांनीच भरायचा, त्यामुळे त्यांच्या फोनमध्ये आत्ताच रिमाइंडर लावून द्या.