संक्रांतीनंतरची सुवार्ता फेरी

संक्रांत झाली की आमच्या मंडळीत एकच विषय, फेरी कधी निघणार. नाताळाला चर्च भरतं, नवे कपडे, करंज्या, केक, मंडपात खुर्च्या पुरत नाहीत, सगळं छानच असतं, पण मला कुणी विचारलं तर मी सांगेन की आमच्या जालन्याच्या मंडळीचा वर्षातला सगळ्यात मोठा सण म्हणजे ही सुवार्ता फेरी. गावोगाव जायचं, भजन म्हणायचं, कीर्तन करायचं, प्रभू येशूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं आणि लोकांनी वाढलेली पिठलं भाकरी खाऊन रात्री परत यायचं किंवा तिथंच मुक्काम करायचा.

निघायच्या सकाळी प्रार्थना होते, प्रास्ताविक होतं, पाहुण्यांचा सत्कार होतो, ते सगळं रीतसर. पण पाळकसाहेब त्यात दरवर्षी नारायण शेषाद्रींची माहिती सांगतात आणि संडेस्कूलची लेकरं चुळबुळ करायला लागतात तरी मला ती दरवर्षी ऐकावी वाटते. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण माणूस, पुढं निजामाच्या मुलखात, आपल्या जालन्याला आला आणि जवळच बेथेल नावाचं गाव वसवलं, १८७३ला न्यूयॉर्कच्या मोठ्या परिषदेत जाऊन बोलला आणि परत इथल्याच उन्हात कामाला लागला. गाड्या नव्हत्या, माईक नव्हते. आपण टेम्पोत बसून अंबडकडं निघतो तेव्हा त्यांच्याच वाटेनं चाललोय असं मला वाटतं आणि त्याचा मला अभिमान आहे, स्पष्टच लिहिते.

आता कीर्तनाबद्दल, कारण त्याच्यासाठीच तर हे लिहायला घेतलंय. आमचे कीर्तनकार काका कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेले, शिक्षण फार नाही, पण डोक्याला फेटा आणि हातात चिपळ्या आल्या की माणूस वेगळाच होतो. कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनं अभंग ओवीच्या चालीत लिहिली म्हणून तर आपली भक्ती आपल्या मातीतली वाटते, तुकोबांच्या वाटेनं मी ख्रिस्तापर्यंत आलो असं टिळक म्हणायचे. काकापण तसंच करतात, आधी नमन, मग पूर्वरंगात निरूपण, मग उत्तररंगात आख्यान, आणि आख्यान ठरलेलं, लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्र.

हे आख्यान मराठवाड्यातल्या गावात ऐकायची गोष्ट आहे. धाकटा बापाला म्हणतो माझी वाटणी दे, इथंच बाया एकमेकींकडं बघतात, कारण बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे काय ते तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग तो दूर देशी जातो, पैसा उडवतो आणि काका आवाज खाली आणून म्हणतात, "अन् त्या देशात पडला दुष्काळ... कसा? बहात्तरसारखा!" म्हातारी माणसं मान हलवतात, कुणीतरी सुकडीचं नाव काढतं, कुणी लाल मिलोचं. मग डुकरं राखायची पाळी, त्यांच्या शेंगा खायची पाळी, आणि मग त्याला बापाचं घर आठवतं. बाप लांबून बघतो आणि पळत सुटतो. काका तिथं खरंच पळतात, या वयात, पटांगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मृदंग वाजत असतो, आणि माझ्या डोळ्यांना दरवर्षी पाणी येतं. काय होणार ते सगळं माहीत असून येतं. पोरानं माफीचे शब्द पाठ करून आणलेले असतात आणि बाप ते पुरे बोलूसुद्धा देत नाही, झगा आणा, अंगठी आणा, जोडा आणा. तारण, म्हणजे पापातून सुटका, ती हीच, काका म्हणतात, कमावून मिळत नाही, नवसानं मिळत नाही, पैशानं तर नाहीच, पोरगं घराकडं वळलं की बाप पळत येतो, आणि त्या पळण्याची किंमत त्यानं वधस्तंभावर मोजली.

एका गावी, घनसावंगीच्या पुढं, पारावर बसलेले एक आजोबा मध्येच बोलले, "पण महाराज, थोरल्याचंबी काय चुकलं हो? तो तर शेतात राबत व्हता." गोष्टीतला थोरला मुलगा धाकट्याचं कौतुक बघून रुसतो, घरात जात नाही. सगळे गप्प झाले. काका रागावले नाहीत, चिपळ्या खाली ठेवल्या आणि म्हणाले, "बाबा, बाप त्याच्यासाठीबी बाहेर आला की. आत ये म्हणून विनवण्या केल्या. थोरला आत गेला का न्हाई ते येशूनं सांगितलंच न्हाई, ते तुमच्या माझ्यावर सोडलंय." मी पुष्कळ मोठ्या वक्त्यांचे संदेश ऐकलेत, कन्व्हेन्शनमध्ये तासतास ऐकलेत, पण त्या उत्तरासारखं उत्तर ऐकलं नाही. कारण आम्ही चर्चमध्ये जन्मलेली, पहिल्या बाकावर बसणारी माणसं थोरल्याच्याच जागी असतो ना बहुतेक वेळा.

दुसरी गोष्ट साक्षीची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची. साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या असतात, तिथं आम्ही संध्याकाळी जातो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन ही माणसं तोडीला आलेली असतात. कार्यक्रम छोटाच ठेवावा लागतो, त्या लोकांना पहाटे तीन चारला उठून फडात जायचं असतं. एका वर्षी संदेश झाल्यावर एक बाई उभी राहिली, आदल्या वर्षी इथंच तिनं सुवार्ता ऐकलेली, तेव्हापासून विश्वासात होती. माईक धरायची सवय नव्हती, पदर सारखा नीट करत होती. ती म्हणाली, "मला वाटायचं देव म्हंजी मुकादम. वहीत उचल लिहून ठिवलेली, फिटल्याबिगर सुटका न्हाई, अन् ती कधी फिटतच न्हाई. मंग ह्यांनी सांगितलं, बाई तुझी उचल येशूनं फेडली, वही बंद झाली. त्या दिसापसून मला झोप लागती." एवढंच बोलली आणि खाली बसली. पापाचं कर्ज, कृपा, क्षमा यावर जाड पुस्तकं लिहिली गेलीत, पण मला तिचंच बोलणं पुरतं. अशी साक्ष मंचावरच्या भाषणातून येत नाही.

म्हणून वाईट वाटतं ते सांगते. एका वर्षी मोठ्या शहरातून एक वक्ते बोलावले होते, गाडीतून उशिरा आले, तासभर बोलले, अर्धे लोक उठून गेले आणि जेवायला न थांबता तेही गेले, आणि नंतर कौतुक मात्र त्यांचंच झालं. आणि आपली मंडळी. नाताळाला चारशे पानं उठतात आणि फेरीला टेम्पो भरत नाही. कुणाची ड्यूटी, कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाला थंडी बाधते. खऱ्या अडचणी मला कळतात, पण दरवर्षी त्याच घरांना अडचण कशी येते हे मला कळत नाही. जी चार तरुण पोरं येतात त्यांनाच सतरंज्या उचलायला लावायच्या आणि वर तरुण देवापासून लांब चाललेत म्हणायचं, हे बरं नाही.

आता ज्यांच्यामुळं हे सगळं होतं त्यांच्याबद्दल, नाव छापू नका म्हणून बऱ्याच जणांनी बजावलंय म्हणून नात्यानंच लिहिते. पेटीवाले सर, ज्यांनी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतानाही खुर्चीवर बसून साथ केली. मृदंग वाजवणारा त्यांचा भाचा. टेम्पोवाले भाऊ, ते आपल्या मंडळीतले नाहीत, मुसलमान आहेत, पण डिझेलच्या वर कधी एक रुपया घेतला नाही. प्रत्येक गावचे सरपंच आणि पोलीस पाटील, ज्यांना आम्ही आधी जाऊन भेटतो आणि त्यांनी हो म्हटल्यावरच पटांगणात बसतो. महिला मंडळाच्या तिन्ही मावश्या, दोन दिवसांचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी त्यांची. धाकट्या मावशी आता नाहीत, त्यांचा ठेचा त्यांच्या सुनेनं चालू ठेवलाय. माईकचं बघणारा पोरगा, जनरेटर देणारे दुकानदार, शुभवर्तमानाच्या पुस्तिका वाटणारी संडेस्कूलची लेकरं, घरी राहून फेरी परत येईपर्यंत उपास धरणाऱ्या आजी. परतूरच्या बाजूला ज्या ताईंनी आम्हा सगळ्या बायांना त्यांच्या दोन खोल्यांत झोपायला जागा दिली आणि स्वतः ओसरीवर झोपल्या त्या. कुणी राहिलं असेल तर मला फोन करा, पुढच्या वेळी पहिलं नाव तुमचं लिहीन, अहो खरंच, कारण माझ्या मनात ते टोचत राहतं.

यंदा मंठ्याकडची गावं घ्यायचं ठरतंय. काकांना आता रात्रीचा टेम्पोचा प्रवास सोसत नाही, त्यांच्यासाठी एक जीप लागेल. ज्यांच्याकडं आहे त्यांनी रविवारी उपासनेनंतर पेटीवाल्या सरांना भेटा, आणि ज्यांच्याकडं नाही त्यांनी निदान एक दिवस तरी या.