दोन सप्तमांश वावर

शैक्षणिक गेमच्या कामात अध्यापनाची बाजू माझ्याकडे असते. आमच्याकडची रीत अशी, की मी पाठाची संहिता लिहून मंजूर करून घ्यायची, ती गेम डिझायनरकडे जायची आणि पुढे आम्ही एकमेकांच्या कामावर शेरे मारायचे. या रीतीतून तयार झालेला अपूर्णांकांचा गेम घेऊन आम्ही चोपडा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीच्या वर्गात गेलो.

गेममध्ये वावरात कपाशी आणि केळी लावायची होती. पण प्रत्येक लागवडीआधी प्रश्न आणि चार पर्याय पडद्यावर येत. चुकले तरी काही बिघडत नसल्यामुळे मुले न वाचताच चारही पर्यायांवर बोट आपटू लागली. माझे प्रश्न खेळाची लय तोडतात, असे डिझायनरचे म्हणणे होते. त्याने गेममध्ये लावलेले वेळेचे घड्याळ विचार करू देत नाही, असे माझे. दोन्ही तक्रारी रास्त होत्या.

मधल्या सुट्टीत त्याने ए-फोर कागदाच्या 21 सेंटीमीटर लांबीच्या पट्ट्या कापल्या. एक पट्टी म्हणजे एक वावर. तिसरा हिस्सा कपाशी आणि चौथा हिस्सा केळी, तर एकूण किती, असे मी एका मुलीला विचारले. तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून 2/7 लिहिले. ही चूक होणार हे मला ठाऊक होते आणि मी समच्छेदाकडे वळणार, तोच त्याने मला थांबवले आणि तिला तेवढे वावर कापून घ्यायला सांगितले. कपाशीचा तुकडा 7 सेंटीमीटरचा होता, तिचे उत्तर 6 सेंटीमीटरचे. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून ती म्हणाली, “मॅडम, केळी लावल्यावर वावर कमी कसं झालं?” त्यानंतर पट्टीचे 12 भाग करून 4 आणि 3 मोजायला तिला कोणी सांगावे लागले नाही.

गणित खेळाच्या क्रियेतच गुंफलेले असेल तर मुले अधिक शिकतात, हे हॅबगूड आणि एन्सवर्थ या संशोधकांनी 2011 मध्ये भागाकाराच्या गेमवरील प्रयोगांतून दाखवले होते. मी ते वाचलेही होते. पण कोणती चूक होणार हे मला माहीत आणि ती चूक खेळात पुढे कशी जाऊ द्यायची हे त्याला, तर मंजुरीच्या साखळीत या दोन गोष्टी एकत्र येणार कुठे? ही साखळी वेळापत्रक सुटसुटीत दिसावे म्हणून आखलेली असते.

आता संहितेआधी मी नेहमीच्या चुकांची यादी त्याच्याकडे पाठवते आणि पहिला कागदी नमुना आम्ही एकत्र बसून करतो. या बैठकीला प्रकल्पाच्या आराखड्यात अजून जागा मिळालेली नाही, आणि ती मागणे मी सोडलेले नाही.